बसण्यावरचा कर

तो कर सरकारने मागे घेतला त्या दिवशी आमच्या रस्त्यावर माझ्याखेरीज सगळे खूश होते. मी नव्हते, आणि त्याचं कारण मला कर भरायची हौस होती असं नाही. दुकान चालवणाऱ्या बाईला कर आवडतो असं म्हणणारा माणूस एक तर खोटारडा असतो किंवा करखात्यातला. पण सरकारने एक गोष्ट बोलावी, सगळ्यांना कामाला लावावं, घराघरात वाद लावून द्यावेत आणि मग शांतपणे ‘आम्ही जनतेचं ऐकलं’ म्हणून हात झटकावेत, याला लोक विजय का म्हणतात ते मला कळत नाही. माझं मत कोणी विचारलेलं नाही. तरी सांगते.

आमचं चहा-कॉफीचं दुकान आहे. बसस्टॉपसमोर, कोपऱ्यावर. वर दातांचा दवाखाना, शेजारी किल्ल्या करून देणारा, पलीकडे कचेऱ्यांची उंच इमारत. चहा, कॉफी, टोस्ट, आमलेट आणि सकाळी भाजलेला केक, संपेपर्यंत. दुकान सासऱ्यांनी काढलेलं. आता आम्ही दोघं चालवतो. नवरा गल्ल्यावर आणि गिऱ्हाइकांशी बोलण्यावर, मी बाकी सगळ्यावर. परवाना मात्र अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. तो बदलून घ्यायचं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी राहून जातं.

सासऱ्यांचे गुडघे कामातून गेले तसे त्यांनी काउंटर सोडला, पण दुकान सोडलं नाही. सकाळची पहिली गर्दी ओसरली की ते यायचे. खिडकीजवळचं टेबल त्यांचं आणि त्यांच्या दोन मित्रांचं. एक निवृत्त पोस्टमास्तर. सरकार कोणाचंही असो, हे त्याच्या बाजूने. दुसरा कंपाउंडर, जन्मभर एका डॉक्टरच्या हाताखाली औषधं बांधली आणि आता स्वतःच डॉक्टर असल्यासारखा बोलतो. सरकार कोणाचंही असो, हा त्याच्या विरुद्ध. तिघांत एक वर्तमानपत्र. ते दोघं भांडायचे आणि सासरे भांडण विझू द्यायचे नाहीत. अगदीच थंड पडायला लागलं की मला हाक मारायचे, “सूनबाई, तू सांग. तुझं काय मत?” माझं मत विचारणारी जगात तेवढीच तीन माणसं होती, आणि तीही मी बोलायला लागले की मधेच तोडायची.

सासूबाई गेल्यापासून सासरे त्या टेबलासाठीच दाढी करत होते. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. टेबल होतं तोवर कळायचं काही कारण नव्हतं.

मग अर्थमंत्र्यांनी बसण्यावर कर लावला.

कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. अर्थ एवढाच, की खाण्यापिण्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी जितक्या खुर्च्या तितका कर, खुर्ची भरलेली असो वा रिकामी. उभ्याने खाल्लं-प्यायलं तर काही नाही. मंत्री भाषणात म्हणाले की ज्याच्याकडे बसून चहा प्यायला वेळ आहे त्याच्याकडे देशाला द्यायला चार पैसेही असणार. हे वाक्य त्यांना कोणी लिहून दिलं देव जाणे. मी काउंटरमागे इतकी वर्षं उभी आहे. त्या न्यायाने सरकारच माझं काही देणं लागतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या टेबलावर नुसता धुरळा उडाला होता.

“तिजोरी रिकामी आहे,” पोस्टमास्तर म्हणाले. “रस्ते, दवाखाने, शाळा फुकट चालत नाहीत.”

“रिकामी केली कोणी?” कंपाउंडर म्हणाला. “मी?”

“सूनबाई, तुझं काय मत?” सासऱ्यांनी हाक दिली.

मी टोस्ट उलटत होते. म्हटलं, “कर लावायचाच तर कपावर लावा. कप मोजता येतात. एका चहावर कोण किती वेळ बसलं ते सरकारला काय कळणार?”

“हा टोमणा कोणाला होता?” कंपाउंडरने विचारलं.

“मंत्र्यांना,” मी म्हटलं, आणि तिघंही हसले. टोमणा कोणाला होता ते तिघांनाही माहीत होतं.

तर विरोध सुरू झाला. दुकानदारांची संघटना आहे, एरवी ती वर्षातून एकदा जेवायला भरते. या वेळी तिच्यात जीव आला. निवेदनं गेली, मोर्चा निघाला. माझ्या नवऱ्याला इतकं बोलता येतं हे मलासुद्धा नवीन होतं. शेवटी त्यानेच डोकं लढवलं. म्हणाला, “कर खुर्चीवर आहे ना? खुर्चीच ठेवायची नाही. मग लावा कर कशावर लावायचा तो.” कर लागू व्हायचा त्याच्या आदल्या दिवशी त्याने दुकानातली खुर्ची न् खुर्ची माळ्यावर टाकली. टेबलंही काढली, कारण खुर्चीशिवाय टेबल म्हणजे नुसती अडचण.

सासऱ्यांनी अडवलं नाही. उलट त्यांना अभिमान वाटला. एकेक खुर्ची फडक्याने पुसून ते मुलाच्या हातात देत होते. “चार दिवस उभे राहिलो तर काय बिघडतं?” म्हणाले. “हे सरकार काही शेवटपर्यंत ताणणार नाही. मी बरीच सरकारं पाहिली आहेत.” ते बरोबर बोलत होते. फक्त चार दिवसांचा हिशोब चुकला.

वर्तमानपत्रात फोटो आला. रिकामं दुकान, मधोमध हाताची घडी घालून उभा असलेला माझा नवरा, आणि खाली ‘बसणार नाही, झुकणारही नाही’. नवऱ्याने तो कापून गल्ल्यामागे चिकटवला. लोक बघायला यायचे आणि आलोच आहोत तर म्हणून कॉफी प्यायचे. कप ठेवायला जागा हवी म्हणून त्याने सुताराकडून भिंतीला लांब फळी ठोकून घेतली, कोपर टेकेल एवढ्या उंचीवर. खाली पिशव्या अडकवायला आकडे. सुताराने काम चांगलं केलं, ते मान्य करायला हवं.

त्या फळीशी तिन्ही म्हातारे उभे राहायला लागले. पहिले काही दिवस मजेत गेले. उभं राहून भांडण जास्त रंगतं, असं कंपाउंडर म्हणायचा. पण वर्तमानपत्र उभ्याने तिघांना मिळून वाचता येत नाही, आणि सासऱ्यांच्या गुडघ्यांना राजकारणात रस नव्हता. ते एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहायचे. मधेच म्हणायचे, “जरा फिरून येतो,” आणि बसस्टॉपवरच्या बाकावर जाऊन बसायचे. बस आली की उठायचे, म्हणजे लोकांना वाटू नये की बस सोडली.

तिकडे सरकारची परिपत्रकं सुरू झाली. खुर्च्या गेल्या म्हणून लोकांनी बाकं आणली, तर बाकं मापून कर आला. बाकं गेली तर खोकी आली. मग खोक्यांविषयी खुलासा. टेकणं म्हणजे बसणं की नाही, यावर वेगळा खुलासा, तो मी नीट वाचला आणि मला अजूनही उत्तर माहीत नाही. एका परिपत्रकात मात्र स्पष्ट म्हटलं होतं की गिऱ्हाइकाने स्वतःचं आसन घरून आणलं तर त्यावर कर नाही. पोस्टमास्तरांनी ते जपून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिघं घडीची स्टुलं बगलेत मारून हजर.

“बघ,” पोस्टमास्तर कंपाउंडरला म्हणाले, “सरकारला माणसाची काळजी असते.”

“असती तर स्टूलही त्यांनीच दिलं असतं,” कंपाउंडर म्हणाला.

स्टुलं बुटकी, फळी उंच. चहाचा कप ठेवायचा तर हात डोक्यावर न्यावा लागायचा. तरी तिघं बसले, वर्तमानपत्र मांडीवर पसरलं आणि मला बऱ्याच दिवसांनी हाक आली. काय विचारलं होतं ते आता आठवत नाही. मला बरं वाटलं होतं, एवढं आठवतं.

त्याच आठवड्यात करखात्याच्या निरीक्षक बाई आल्या. तरुण होत्या, पायात दिवसभर चालून झिजलेल्या चपला, आवाज अगदी मऊ. त्यांनी फळी पाहिली, आकडे पाहिले, मग खिडकीकडे वळल्या.

“ही स्टुलं कोणाची?”

“आमची. घरून आणलेली,” पोस्टमास्तरांनी खिशातून परिपत्रक काढलं.

बाईंनी ते हातात घेतलं नाही. त्यांना ते पाठ होतं. “बरोबर आहे, काका. तुमची दोघांची चालतील.” मग सासऱ्यांकडे पाहून थोड्या थांबल्या. “परवान्यावर तुमचंच नाव आहे ना?”

“माझंच. दुकान मीच काढलं.”

“मग तुमचं स्टूल चालणार नाही. तुम्ही गिऱ्हाईक नाही. नियमाच्या दृष्टीने दुकान म्हणजे तुम्हीच. तुम्ही आणलेलं आसन हे दुकानाचं आसन.”

नवरा गल्ल्यावरून म्हणाला, “म्हणजे सगळ्या जगाने इथे बसायचं आणि माझ्या बापाने नाही?”

“नियम मी केलेला नाही हो,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला वाटत असेल तर लेखी विचारा. पण तोवर मला याची नोंद घ्यावी लागेल.” त्यांना स्वतःलाच ते बरं वाटत नव्हतं. नोंद लिहायला त्यांनी बसायला जागा शोधली, नव्हती, मग फळीवर वही ठेवून उभ्यानेच लिहिलं. मी त्यांना कॉफी दिली. मला त्यांचा राग आला नाही. इतक्या मऊ आवाजात इतकी मूर्ख गोष्ट सांगायला लागणं ही काही सुखाची नोकरी नसणार.

सासऱ्यांनी स्टूल घडी करून भिंतीला लावलं आणि उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून बाकीचे दोघंही उठले. आपला मित्र उभा असताना बसायचं कसं? नियमाने त्यांना बसायची मुभा होती, पण ती त्यांच्या काही कामाची नव्हती. पोस्टमास्तर प्रथमच सरकारविरुद्ध काहीतरी पुटपुटले. कंपाउंडरला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

त्या दुपारी मी नवऱ्याला म्हटलं, “चार खुर्च्यांचा कर भरू. एक टेबल. एवढा काही आपल्याला जड नाही.”

“जड नाही ते ठाऊक आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“तत्त्व उभं राहू शकतं. बाबांचे गुडघे नाही.”

“अगं, पेपरात फोटो आलाय माझा. आज मी खुर्ची मांडली तर संघटनेतली माणसं तोंडात शेण घालतील. म्हणतील, दुसऱ्यांना उभं करून हा बसला.” मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “आणि बाबांनाही चालणार नाही. विचार त्यांना.”

मी विचारलं. सासरे म्हणाले, “त्याचं बरोबर आहे. लढा म्हटला की थोडं सोसावं लागतं.” बाप-लेकांचं इतकं एकमत मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

मग त्या टेबलाची बैठक, टेबल नसतानाही टिकलेली, तीही मोडली. पोस्टमास्तरांची पाठ धरली आणि ते घरून निघेनासे झाले. कंपाउंडरने वरच्या दातांच्या दवाखान्यात ठिय्या दिला. तिथे गाद्यांच्या खुर्च्या आहेत, वर्तमानपत्र येतं, आणि हिरड्यांविषयी घाबरलेल्या माणसांना सल्ला द्यायला मिळतो. तिथल्या मुलीने त्याला एकदा विचारलं की आजोबा, तुमचा नंबर कधीचा? तो म्हणाला, माझी घाई नाही, आधी बाकीच्यांचं होऊ दे. सासरे आधी एक दिवसाआड आणि मग आठवड्यातून एकदा यायला लागले. यायचे, फळीशी उभ्याने कप संपवायचे आणि जायचे. दाढी तीन-तीन दिवसांची असायची. घरी संध्याकाळी गेलं तर टीव्ही बंद आणि ते खुर्चीत बसलेले. बातम्या का लावत नाही विचारलं तर म्हणायचे, “बघून सांगायचं कोणाला?” मला त्यांची काळजी वाटायला लागली. नवऱ्यालाही वाटत असणार, पण त्याचा लढा अजून संपायचा होता.

आणि दुकान चालायला लागलं. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा नवरा उगाच खलनायक ठरेल. उभं राहणारा माणूस पितो आणि जातो. त्याच्या जागी दुसरा येतो. समोरच्या कचेऱ्यांतली माणसं, जी पूर्वी दारातून आत बघून जागा नाही म्हणून परत फिरायची, ती आता आत शिरायची. मी दिवसभर कपच धूत होते. नवरा शेवटी मदतीला बाई ठेवू म्हणाला. इतकी वर्षं मी हे मागत होते. रात्री तो शांत झोपायला लागला, पूर्वी झोपेत दात खायचा.

मग एका संध्याकाळी मंत्री टीव्हीवर आले. निवडणुका फार लांब नव्हत्या. ते म्हणाले की सरकारचं मन मोठं आहे, सरकारने जनतेचा आवाज ऐकला आहे, आणि बसण्यावरचा कर मागे घेण्यात येत आहे. पत्रकारांनी विचारलं, मग लावलाच कशाला? मंत्री हसले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी त्यांना धू धू धुतलं. सरकारने शेपूट घातली, सरकार तोंडावर आपटलं, असं आणि तसं. आमच्या दुकानात फुकट कॉफी. नवऱ्याला खांद्यावर घेता घेता राहिले, छत बुटकं आहे म्हणून.

मला माघारीचं वाईट वाटत नाही. चूक झाली तर मागे यावं, माणसाने आणि सरकारनेही. मला चीड येते ती या समजुतीची, की कर काढला म्हणजे तो कधी नव्हताच. दरम्यान आमच्या भिंतीला फळी लागली होती, पोस्टमास्तरांना घरात बसायची सवय झाली होती आणि नवऱ्याला झोप लागायला लागली होती. मंत्र्यांनी एका वाक्यात कर लावला आणि एका वाक्यात काढला. मधलं सगळं आमच्याकडे राहिलं.

सासऱ्यांनी बातमी ऐकली होती. सकाळी गर्दी ओसरायच्या वेळेला ते दारात हजर, गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. पोस्टमास्तरांना फोन करून बोलावून घेतलं होतं, पाठीला पट्टा बांधून ते आले. कंपाउंडर वरून खाली उतरला. तिघं फळीशी उभे राहिले आणि वाट पाहायला लागले.

“आणतो हं, बाबा,” नवरा म्हणाला. “जरा गर्दी कमी होऊ दे.”

गर्दी कमी झाली नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, खुर्च्यांचे पाय डुगडुगतात, सुताराला बोलावतो. त्यानंतर म्हणाला, भिंतीला रंग द्यायचाय, त्यानंतर एकदमच मांडू. सासरे रोज येत होते. रोज दाढी करून येत होते. मित्र पुन्हा गळाले, तरी हे येत राहिले. मी गप्प राहिले, कारण मला वाटत होतं की हा विषय बापाने काढावा किंवा मुलाने.

बापाने काढला. दुपारची वेळ होती, दुकानात एकदोघंच होते. सासरे काउंटरपाशी आले आणि म्हणाले, “खुर्च्या आणायच्या नाहीत ना तुला?”

नवरा गल्ला आवरत होता, आवरत राहिला. “बाबा, तसं नाही.”

“मग कसं ते सांग. मला राग येणार नाही.”

“उभ्याने जास्त लोक येतात हो. तुम्ही बघताय ना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुकान दुकानासारखं चाललंय. एकेका टेबलाला चार माणसं तासन् तास अडून बसायची, आणि...” त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

“आणि एका चहावर,” सासऱ्यांनी वाक्य पुरं केलं.

“मी तुमच्याविषयी नाही म्हणत.”

“माझ्याविषयीच म्हण की. खरं आहे ते.” ते फळीकडे वळले. “कर सरकारने लावला होता. काढलाही त्यानेच. सगळा देश तोंडावर हसला, तरी काढला. तशी माघार तुला का जमत नाहीये, एवढंच मला समजून घ्यायचं होतं. समजलं.”

नवऱ्याचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नाही. “तुमच्यासाठी एक खुर्ची ठेवतो,” म्हणाला. “खिडकीपाशी. आत्ता आणतो. कोणाला बसू देणार नाही तिच्यावर.”

“एकट्याने बसायला घरी आहे माझी खुर्ची,” सासरे म्हणाले, आणि काठी घेऊन निघाले.

त्या दिवशी मी नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, तो यायच्या आधी, माळ्यावर चढले आणि चार खुर्च्या आणि एक टेबल खाली आणलं. कंबरेत कळ आली. सगळं पुसलं आणि खिडकीशी मांडलं. मग पोस्टमास्तरांना फोन केला, वर दवाखान्यात निरोप ठेवला आणि सासऱ्यांना सांगितलं, “आज या. मी सांगतेय म्हणून या.” नवरा आला, त्याने टेबल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन गल्ला उघडला. मला वाटतं त्याला सुटल्यासारखं झालं असावं.

तिघं आले. बसले. मी चहा दिला, न मागता दिला. पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं.

गर्दीची वेळ संपलीच नव्हती. पूर्वी ती ठरावीक वेळेला संपायची, आता दुकानात माणसं कायमच. ती फळीशी, काउंटरशी, मधल्या मोकळ्या जागेत, हातात कप घेऊन उभी होती, आणि त्यांच्या मधोमध तिघं म्हातारे खाली बसलेले. एकाची बॅग पोस्टमास्तरांच्या कानाला लागत होती. कंपाउंडर काहीतरी म्हणाला, ते त्यांना ऐकू आलं नाही, त्याने परत मोठ्याने म्हटलं, तर वर उभ्या असलेल्या दोघांनी वळून पाहिलं. सासऱ्यांना खिडकी दिसत नव्हती. समोर एका माणसाची पाठ होती. तो माणूस सभ्य होता, सारखा “सॉरी हं, आजोबा” म्हणून अंग चोरत होता, पण अंग चोरून जाणार कुठे? कोणीतरी त्यांच्या टेबलावर रिकामा कप ठेवला. मग दुसऱ्याने ठेवला. मला काउंटरमागून सगळं दिसत होतं आणि मी मनात म्हणत होते, आता हाक मारा, आता विचारा माझं मत.

हाक आली नाही. तिघांनी चहा संपवला. मग सासरे टेबलाला धरून उठले, त्यांच्यामागे बाकीचे दोघं. उठेपर्यंत एका मुलीने त्यांच्या खुर्चीवर पर्स ठेवली होती. तिला वाटलं, ती त्याचसाठी आहे.

सासरे वाट काढत काउंटरपाशी आले. चेहरा नेहमीसारखा, आवाजही. “चहा छान झाला होता,” म्हणाले. मग खिडकीकडे मान वळवून, “ते सगळं परत वर ठेवून दे, सूनबाई. लोकांच्या पायात येतंय.”

मला भयंकर राग आला. आणि तो कोणावर काढावा ते कळेना. मंत्र्यांवर काढावा तर त्यांनी कर मागे घेतला होता. नवऱ्यावर काढावा तर तो समोर उभा, मान खाली, आणि टेबल आज त्याने अडवलं नव्हतं. त्या मुलीवर काढावा तर तिने पर्स ठेवली होती फक्त. सासरे दारातून बाहेर पडले, बसस्टॉपच्या बाकाकडे न बघता सरळ घराच्या दिशेने गेले. कोणीतरी दोन कॉफी मागितल्या. मी दिल्या.